ब्लूबेरी कॉबलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लूबेरी कॉबलर म्हणजे नेमका कोणता पदार्थ?

खोलगट भांड्यात साखर, लिंबाचा रस आणि थोडे कॉर्नफ्लॉर लावलेल्या ब्लूबेरी पसरायच्या, त्यांच्यावर मैदा, लोणी आणि ताकाच्या सैलसर पिठाचे गोळे थोडे थोडे अंतर ठेवून मांडायचे आणि फळांचा रस खदखदून दाट होईपर्यंत ते भांडे ओव्हनमध्ये भाजायचे, एवढीच या पदार्थाची मूळ कल्पना आहे. भाजून झाल्यावर खाली गडद जांभळा आंबटगोड रस असतो. वरच्या पिठाचा माथा खरपूस होतो आणि रसात बुडालेली खालची बाजू मऊ राहते. ‘पाय’ (pie) या पाश्चात्त्य पदार्थासारखे तळाला लाटलेले कवच नसल्यामुळे पोळपाट-लाटण्याचे काम पडत नाही. कॉबलर हा फळाचा पदार्थ आहे, पिठाचा नव्हे, आणि कृतीतला प्रत्येक निर्णय त्या दृष्टीने घेतला तर तो सहसा चुकत नाही.

हा पदार्थ अमेरिकेत कसा रुजला?

इंग्लंडमधून आलेल्या वसाहतकारांना पाय आणि वाफवलेली पुडिंगे चांगली ठाऊक होती. परंतु नव्या प्रदेशात बंदिस्त भट्टी, बारीक दळलेले पीठ आणि निवांत वेळ या तिन्ही गोष्टी प्रत्येक घरात नसत. चुलीवर किंवा निखाऱ्यांवर ठेवलेल्या बिडाच्या जाड भांड्यात हाती लागेल ते फळ शिजवायचे, त्यावर पिठाचे गोळे सोडायचे आणि झाकणावरही निखारे ठेवायचे, ही पद्धत त्या अडचणीतून आली. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे सरकणाऱ्या कुटुंबांबरोबर ती देशभर पसरली. त्याच शतकात आणखी एक महत्त्वाचा बदल घडला. हार्वर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये बेकिंग पावडरसाठी लागणाऱ्या आम्लाचे पेटंट घेतले, आणि पुढे तयार बेकिंग पावडर घरोघरी पोहोचल्यावर यीस्टची वाट न पाहता पीठ काही मिनिटांत फुगवता येऊ लागले. आजचे हलके, जाळीदार कॉबलर त्या पावडरीमुळे शक्य झाले.

सगळीकडे कॉबलर एकाच पद्धतीने करतात का?

नाही. ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये वर सांगितल्याप्रमाणे पिठाचे गोळे फळांवर मांडतात. दक्षिणेकडील राज्यांत, जिथे पीचचे कॉबलर अधिक प्रिय आहे, एक वेगळी पद्धत घरोघरी चालते: भांड्यात लोणी वितळवायचे, त्यावर मैदा, साखर आणि दुधाचे पातळ मिश्रण ओतायचे, वरून फळे पसरायची आणि काहीही न ढवळता भांडे ओव्हनमध्ये सरकवायचे. भाजताना पीठ फळांमधून वर येते आणि कडांना लोण्यात तळल्यासारखे खुसखुशीत होते. ही पद्धत सोपी आणि रुचकर आहे, पण तिच्यात पिठाचा वाटा फार मोठा होतो. ब्लूबेरीसारख्या नाजूक चवीच्या फळासाठी न्यू इंग्लंडची पद्धतच अधिक योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढील सर्व उत्तरे तिला धरून दिली आहेत.

क्रिस्प, बकल, बेटी आणि ग्रंट हे त्याहून वेगळे कसे?

फळे सगळ्यांत असतात, त्यांच्या सोबतीचे पीठ बदलते. क्रिस्पमध्ये वर मैदा, लोणी, साखर आणि बहुधा ओट्सचा भुरभुरीत चुरा असतो. बकल हा खरे तर केक असतो, कारण त्यात बेरी केकच्या पिठात मिसळून वर गोड चुरा पसरतात. बेटीमध्ये लोण्यात घोळवलेला पावाचा चुरा फळांबरोबर थराथराने रचतात. ग्रंट, ज्याला न्यू इंग्लंडच्या काही भागांत स्लम्प म्हणतात, ओव्हनमध्ये जातच नाही: उकळत्या गोड बेरींवर पिठाचे गोळे सोडून झाकण लावतात आणि ते वाफेवर शिजवतात.

घरी ओव्हन नसेल तर काय करावे?

वरच्या उत्तरातला ग्रंट करावा. ती ओव्हनअभावी केलेली तडजोड नव्हे, तर मॅसॅच्युसेट्सच्या किनारपट्टीवरील घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला स्वतंत्र पदार्थ आहे. जाड बुडाच्या रुंद पातेल्यात बेरी, साखर, लिंबाचा रस आणि अर्धी वाटी पाणी उकळू द्यावे, पिठाचे लहान गोळे त्यावर सोडावेत, घट्ट झाकण ठेवावे आणि मंद आचेवर साधारण १५ मिनिटे झाकण अजिबात उघडू नये. वाफ गेली की गोळे बसतात. माथा खरपूस होत नाही, पण गोळे ढोकळ्यासारखे हलके होतात.

कॉबलरसाठी जंगली ब्लूबेरी घ्याव्यात की बागेतल्या मोठ्या?

निवड करता येत असेल तर जंगली घ्याव्यात. मटाराएवढ्या किंवा त्याहूनही लहान अशा या बेरींची झुडपे जेमतेम गुडघ्यापर्यंत वाढतात. एकाच वाटीत मोठ्या बेरींपेक्षा त्या संख्येने कितीतरी जास्त मावतात, त्यामुळे सालीचे प्रमाण वाढते, आणि ब्लूबेरीचा रंग व बराचसा स्वाद सालीतच असतो. मोठ्या बागायती बेरी गोड आणि रसाळ असतात, ताज्या खायला उत्तम लागतात, परंतु भाजल्यावर त्यांची चव थोडी सौम्य पडते. त्यांना लिंबाचा रस जरा जास्त लागतो.

अमेरिकेतील जंगली ब्लूबेरीचे माहेरघर म्हणजे मेन राज्य, आणि त्यातही वॉशिंग्टन काउंटीची वाळूमिश्रित, आम्लयुक्त, ओसाड वाटणारी माळराने. ही झुडपे कोणी लावलेली नाहीत. हिमनद्या ओसरल्यानंतर उरलेल्या निकस जमिनीत ती आपोआप पसरली, आणि पासामाकॉडी, पेनॉब्स्कॉट अशा स्थानिक वाबानाकी समाजांनी ठरावीक काळाने माळ जाळून त्यांची निगा राखली. जमिनीवरचा भाग जळला तरी भूमिगत खोडातून नवे, जोमदार कोंब फुटतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आजचे शेतकरीही हेच तत्त्व पाळतात: शेत छाटले किंवा जाळले की पहिल्या वर्षी फक्त वाढ होते आणि दुसऱ्या वर्षी फळ धरते, म्हणून प्रत्येक शेतकरी आपल्या जमिनीचा साधारण निम्मा भाग आलटून पालटून काढणीला घेतो. पासामाकॉडी समाजाच्या मालकीची ब्लूबेरीची शेते आजही त्या काउंटीत आहेत.

काढणी प्रामुख्याने ऑगस्टमध्ये होते. सपाट जमिनीवर आता यंत्रे चालतात, पण दगडधोंड्यांच्या जागी अजूनही हातातील दातेरी फावडे वापरतात. हे फावडे म्हणजे एका बाजूला लांब, जवळजवळ बसवलेले धातूचे दात असलेली पत्र्याची पेटी असते. कामगार कमरेत वाकून ते झुडपांत खुपसतो आणि मनगट उचलून वर झटकतो, तेव्हा पाने दातांमधून निसटतात आणि बेरी पेटीत जमा होतात. दिवसभर असे वाकून काम करणे किती कष्टाचे आहे, हे बेरींची किंमत पाहताना आपण लक्षात ठेवायला हवे. मेन राज्याने १९९१ मध्ये जंगली ब्लूबेरीला आपली अधिकृत राज्य-बेरी ठरवले आणि २०११ मध्ये तिच्या पायला राज्याचे अधिकृत मिष्टान्न म्हणून मान्यता दिली.

मोठ्या बागायती ब्लूबेरी कुठून आल्या?

न्यू जर्सीतून, आणि त्याही फार जुन्या नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ब्लूबेरीची लागवड होऊच शकत नाही, असा सार्वत्रिक समज होता. अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की या झुडपाला आम्लयुक्त माती लागते आणि हिवाळ्यातील थंडीची झोपही लागते. त्यांचा अहवाल १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्स भागातील व्हाइट्सबॉग येथे वडिलांची क्रॅनबेरीची शेती सांभाळणाऱ्या एलिझाबेथ व्हाइट यांनी तो वाचला आणि कोव्हिल यांना आपली जमीन व मदत देऊ केली. १९११ मध्ये दोघांचे काम सुरू झाले.

व्हाइट यांनी आसपासच्या जंगलांची खडान्‌खडा माहिती असलेल्या रहिवाशांना मोठ्या फळांची झुडपे शोधायला सांगितले, त्यांच्या हाती ५/८ इंच व्यासाचे भोक पाडलेली ॲल्युमिनियमची मापपट्टी दिली आणि त्या भोकातून न जाणारी बेरी ज्या झुडपावर सापडेल त्यासाठी मोबदला दिला. झुडपाला ते शोधणाऱ्याचे नाव मिळे. रुबेल हा वाण असाच रूब लीक यांच्या नावावरून ओळखला जाऊ लागला आणि तो आजही लावला जातो. १९१६ मध्ये व्हाइट्सबॉगची पहिली बागायती ब्लूबेरी बाजारात गेली.

न्यू जर्सीत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्यांच्यासाठी ही माहिती व्यवहाराचीही आहे. त्या राज्यात जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत स्थानिक बेरी मिळतात आणि हॅमंटन परिसरातील अनेक शेतांवर स्वतः तोडून आणता येतात. त्याच आठवड्यात तोडलेल्या फळाचे कॉबलर आणि दुकानात दूरवरून आलेल्या फळाचे कॉबलर यांत मोठे अंतर असते.

चांगली ब्लूबेरी कशी ओळखावी?

सर्वांगाने गर्द निळी आणि घट्ट असावी. देठाजवळ लालसर कडे दिसत असेल तर ती कच्ची तोडलेली असते. तोडल्यानंतर तिचा रंग थोडा गडद होईल, पण गोडी वाढणार नाही. सालीवरील पांढुरकी झाक म्हणजे धूळ किंवा औषध नसून फळाने स्वतः तयार केलेले मेण असते, आणि ते ताजेपणाचे लक्षण आहे. बेरी वापरण्याच्या वेळीच धुवाव्यात, आधी धुऊन ठेवल्यास बुरशी लवकर धरते.

गोठवलेल्या बेरी चालतात का?

चालतात, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी त्या बहुतेक वेळा ताज्यांपेक्षा उत्तम ठरतात, कारण त्या पूर्ण पिकल्यावर काढून लगेच गोठवलेल्या असतात. मेनमधील जंगली बेरींचे जवळजवळ सगळे पीक असेच गोठवले जाते. त्या वितळू न देता थेट वापराव्यात, कॉर्नफ्लॉर एक मोठा चमचा वाढवावे आणि भाजण्याचा वेळ १० ते १५ मिनिटांनी जास्त धरावा. मात्र थंड बेरींनी भरलेले काचेचे भांडे तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, ते तडकण्याचा धोका असतो. अशा वेळी चिनी मातीचे किंवा एनॅमलचे भांडेही थोडा वेळ बाहेर ठेवूनच आत घालावे.

सहा ते आठ जणांसाठी प्रमाण काय घ्यावे?

साधारण ९ इंची चौकोनी, खोलगट भांड्यासाठी ९०० ग्रॅम ब्लूबेरी, १०० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, थोडी किसलेली लिंबाची साल आणि चिमूटभर मीठ घ्यावे. वरच्या पिठासाठी १९० ग्रॅम मैदा, तीन मोठे चमचे साखर, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, पाव लहान चमचा खाण्याचा सोडा, अर्धा लहान चमचा मीठ, ८५ ग्रॅम थंडगार बिनमिठाचे लोणी आणि सुमारे पाऊण कप दाट ताक लागते. इथे कप म्हणजे २४० मिलिलिटरचा अमेरिकन कप धरला आहे.

ताकाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकन पाककृतींमध्ये अपेक्षित असलेले ताक विरजण लावलेले आणि दाट असते. आपले घुसळून पाणी घातलेले ताक वापरले तर पीठ पातळ होते आणि फुगत नाही. त्याऐवजी ताज्या, किंचित आंबट दह्यात थोडे दूध फेटून ते ओतता येईल इतपत सैल करावे. मैद्याची शोषणशक्ती गिरणीगणिक बदलते, म्हणून हे मिश्रण एकदम न ओतता शेवटचा भाग अंदाज घेत घालावा.

पीठ कसे मळावे?

मळूच नये. शंकरपाळ्यांसाठी आपण कडकडीत मोहन घालून पीठ एकजीव करतो, इथे नेमके उलट करायचे असते. लोणी थेट फ्रिजमधून काढून त्याचे लहान तुकडे करावेत आणि मैद्यात बोटांच्या टोकांनी झटपट चोळावेत. तळहाताच्या उबेने लोणी वितळू लागले तर भांडे काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. मिश्रण रवाळ दिसू लागले आणि त्यात मटाराएवढे लोण्याचे खडे अजून शिल्लक राहिले की थांबावे, कारण ओव्हनमध्ये हेच खडे वितळताना त्यांतील पाण्याची वाफ होते आणि पीठ पदरापदराने सुटते. ताक घातल्यावर काट्याने केवळ ओले होईपर्यंत एकत्र करावे. गुठळ्या दिसत असल्या तरी चालते. जास्त हाताळल्यास मैद्याला चिवटपणा येतो.

वरचे गोळे आतून कच्चट का राहतात?

बहुतेक वेळा याचे कारण थंड फळे हे असते. थंड बेरींवर गोळे मांडल्यास माथा तांबूस होऊन जातो, तरी खालची बाजू रसात भिजून गिच्च राहते. म्हणून १९० अंश सेल्सिअसला आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये नुसत्या बेरी १५ मिनिटे ठेवाव्यात, भांडे बाहेर काढावे, गरम बेरींवर चमच्याने गोळे सोडावेत आणि मग आणखी ३० ते ३५ मिनिटे भाजावे. सगळा पृष्ठभाग पिठाने झाकून टाकण्याचा मोह आवरावा. गोळ्यांमध्ये मोकळी जागा राहिली तर वाफ बाहेर पडते आणि रसही आटतो.

रस पाणचट का होतो?

कारण भांडे लवकर बाहेर काढले जाते. कॉर्नफ्लॉर पूर्ण ताकदीने रस धरून ठेवण्यासाठी तो रस जवळजवळ उकळीपर्यंत तापावा लागतो, आणि खोलगट भांड्यात मधला भाग सर्वांत शेवटी तापतो. कडेला बुडबुडे दिसले म्हणजे कॉबलर झाले असे समजू नये. मधल्या गोळ्यांच्या फटींतूनही रस संथपणे खदखदू लागला, बुडबुडे मोठे आणि जड दिसू लागले आणि फुटताना चकचकीत झाले, म्हणजे ते तयार झाले. तोवर माथा फार तांबूस होत असेल तर वर ॲल्युमिनियमचा कागद सैलसर ठेवावा. त्यानंतर किमान अर्धा तास ते निवू द्यावे लागते. ओव्हनमधून काढल्या काढल्या रस पातळच दिसतो, निवताना तो धरतो.

मक्याचे पिवळे पीठ कॉर्नफ्लॉरच्या जागी वापरू नये, त्याने रस दाट न होता रवाळ होतो.

पिठाला हिरवट किंवा राखाडी रंग का आला?

ब्लूबेरीतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लालसर-जांभळे राहते आणि सोड्यासारख्या अल्कलीच्या सान्निध्यात निळसर-हिरवट होते. सोडा जास्त पडला किंवा नीट मिसळला नाही, तर रसाने भिजलेल्या भागात असे डाग दिसतात. खाण्यास काहीही अपाय नाही. सोडा मोजून घ्यावा, मैद्याबरोबर दोनदा चाळावा आणि लिंबाचा रस वगळू नये.

हा पदार्थ शाकाहारी आणि बिनअंड्याचा आहे का?

वरील कृतीत अंडे नाही, आणि पारंपरिक कृतींतही बहुधा नसते. अंडे न खाणाऱ्या कुटुंबांसाठी अमेरिकन मिष्टान्नांपैकी कॉबलर म्हणूनच फार सोयीचे आहे. मात्र दोन गोष्टी तपासाव्यात. जुन्या कृतींमध्ये आणि दुकानातील काही तयार पिठांमध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते, तेव्हा वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी आणि बाहेर खाताना विचारून घ्यावे. दुसरे म्हणजे, कॉबलरसोबत वाढल्या जाणाऱ्या व्हॅनिला आइस्क्रीमच्या काही प्रकारांत अंड्याचा बलक असतो.

वेलची, दालचिनी किंवा गूळ घातल्यास चालेल का?

चिमूटभर दालचिनी किंवा जायफळ ब्लूबेरीला शोभते आणि न्यू इंग्लंडमध्येही घालतात. वेलची घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन: तिचा सुगंध इतका प्रभावी असतो की ब्लूबेरीचा मंद स्वाद उरतच नाही. गुळाचेही तसेच होते. साखर मात्र बेरींच्या गोडीप्रमाणे ७५ ग्रॅमपर्यंत कमी करण्यास हरकत नाही.

ब्लूबेरी न मिळाल्यास कोणते फळ घ्यावे?

महाबळेश्वर-पाचगणीकडे मिळणारी तुती या पद्धतीला चांगली जुळते. तिला आंबटपणा कमी असल्याने लिंबाचा रस दुप्पट घ्यावा आणि लहान हिरवे देठ कात्रीने कापून टाकावेत. जांभूळ बी आणि तुरटपणामुळे इथे योग्य नाही.

ब्लूबेरीचे झाड महाराष्ट्रात घरी लावता येईल का?

कठीण आहे. या झुडपाला ४.५ ते ५.५ सामू (pH) असलेली आम्लयुक्त, निचऱ्याची माती लागते, तर दख्खनची काळी माती चुनखडीयुक्त, अल्कधर्मी आणि पाणी धरून ठेवणारी आहे. शिवाय बहुतेक वाणांना दीर्घ थंडी लागते. उष्ण प्रदेशांसाठी तयार केलेले कमी थंडीचे वाण मोठ्या कुंडीत, आम्लयुक्त मिश्रणात जगवता येतात, परंतु नळाच्या जड पाण्यानेही मातीचा सामू हळूहळू वाढतो, म्हणून शक्यतो पावसाचे पाणी साठवून घालावे लागते. कॉबलरला पुरतील इतक्या बेरी एका कुंडीतून मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

कॉबलर कसे वाढावे आणि किती दिवस टिकते?

कोमट असताना, खोलगट वाटीत, तळापर्यंत चमचा घालून फळ आणि पीठ एकत्र वाढावे. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम किंवा न फेटलेली दाट साय द्यावी. उरलेले कॉबलर पूर्ण निवल्यावर झाकून फ्रिजमध्ये तीन दिवस चांगले राहते. पुन्हा गरम करताना मायक्रोवेव्हऐवजी १८० अंशांच्या ओव्हनमध्ये १५ मिनिटे ठेवावे, म्हणजे मऊ पडलेला माथा परत खरपूस होतो. पाहुणे येणार असतील तर बेरींना साखर आधी लावून ठेवू नये, कारण त्यांना पाणी सुटते. लोणी चोळलेला कोरडा मैदा मात्र आदल्या दिवशीच डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवता येतो आणि ऐन वेळी त्यात फक्त ताक घालावे लागते.